मोगऱ्याचा पंचनामा

पोह्यांत घालायला मी गच्चीवरच्या कढीपत्त्याची एक डहाळी तोडली आणि जिना उतरून खाली येते तोच नवरा मोबाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा.

"त्याला काय केलंस?"

"कुणाला?"

"कढीपत्त्याला. ब्याऐंशीवरून एकाहत्तरवर आलाय."

मला दोन दिवस कणकण होती. आवाज बसला होता, डोळे लाल झाले होते, आणि ते समोर दिसत असूनही या माणसाने काही विचारलं नव्हतं. झाडाचे अकरा अंक उतरले ते मात्र बसल्या जागी कळले. मी डहाळी फोडणीत टाकली आणि म्हटलं, "मग पोहे नकोत का?" त्यावर ते गच्चीवर गेले, कढीपत्त्याची विचारपूस करायला.

माझ्या नवऱ्याचं नाव दिगंबर बाबर. वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून त्यांची बत्तीस वर्षं नोकरी झाली. खात्यात त्यांना बाबरसाहेब म्हणत, आणि राग आला की मीही तसंच म्हणते. या हकिकतीत त्यामुळे तेच नाव जास्त येईल. माणूस सरळ, पण त्यांचा विश्वास आकड्यावर. मीटर सांगेल ते खरं, माणूस सांगेल ते तपासायचं, या शिस्तीत त्यांची हयात गेली. निवृत्त झाले आणि तपासायला काही उरलं नाही. मग दोन हजार अडतीसच्या जूनमध्ये हैदराबादच्या लेकीने वाढदिवसाला त्यांना 'कानोसा' पाठवला, आणि आमच्या सोलापूरच्या घराची गच्ची हे त्यांचं नवं खातं झालं.

कानोसा म्हणजे काय ते सांगायला हवं. झाडांना आवाज असतो. झाडाच्या अंगातून पाणी वर चढतं ते केसाहून बारीक नळ्यांतून. मुळाशी पाणी कमी पडलं की नळीतली धार ओढली जाते, मध्ये हवेचा बुडबुडा होतो आणि त्याचा बारीकसा टिक् असा आवाज येतो. तो इतक्या वरच्या पट्टीतला असतो की माणसाला ऐकू येत नाही. तहानलेलं टोमॅटोचं झाड तासाला तीस-चाळीस वेळा टिकटिकतं, पाणी प्यालेलं जवळजवळ गप्प असतं. शिवाय पान तोडलं, कीड लागली, ऊन सोसलं नाही की पानातल्या विजेत फरक पडतो. शास्त्रज्ञांना हे पूर्वीपासून माहीत होतं. नवा होता तो कपडे वाळत घालायच्या चिमट्याएवढा हिरवा चिमटा. तो फांदीला लावायचा, हे झाड अमुक म्हणून मोबाइलवर नाव घालायचं, की चिमटा दिवसरात्र कान लावून बसतो आणि झाडाची खुशाली शून्य ते शंभर अंकांत सांगतो. त्याला 'समाधान अंक' म्हणत.

आणखी एक होतं. राज्यभरातल्या सगळ्या चिमट्यांची माहिती पुण्याच्या कंपनीत एका ठिकाणी जमा व्हायची. ज्या झाडाला सगळ्यांत जास्त फुलं आली, त्याला वर्षभर कसं ठेवलं होतं हे तिथलं यंत्र बघायचं आणि त्यावरून बाकीच्यांना सल्ला द्यायचं. म्हणजे एका घरची निगा हजार घरांना उपयोगी. ऐकायला किती छान.

पहिले सहा महिने मी गंमत बघितली. जास्वंदीला मावा पडलेला चिमट्याने माझ्याआधी ओळखला, हे मी मान्य करते. गुलाबाची कुंडी लहान पडते हेही त्यानेच सांगितलं. वाद झाला तो मोगऱ्यावरून.

मोगरा माझ्या माहेरचा. लग्नानंतर चौथ्या वर्षी सांगोल्याहून फाटा आणून लावला, आणि दर एप्रिलमध्ये त्याने मला ओंजळभर कळ्या दिल्या. माळून, माठात टाकून, सहा घरी वाटून उरायच्या. पण मोगऱ्याची एक रीत आहे. डिसेंबर लागला की त्याचं पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड खराट्यासारखं दिसायला लागतं. जानेवारीत छाटायचं, मुळं उकरून ऊन दाखवायचं, शेणखत घालायचं आणि मग भरपूर पाणी. याला आमच्याकडे ताण देणं म्हणतात. वडील डाळिंबालाही असाच ताण देत. झाडाला वाटलं पाहिजे की आता आपलं काही खरं नाही, मग ते फुलावर येतं. सुखात लोळणारं झाड नुसता पाला वाढवतं.

मी एक डिसेंबरला पाणी तोडलं. नऊ तारखेला मोगऱ्याचा अंक अठ्ठ्याऐंशीवरून चौदावर आला आणि बाबरसाहेबांचा मोबाइल लाल झाला.

"मरतंय ते," ते म्हणाले.

"मरत नाही. ताण दिलाय."

"चौदा म्हणजे काय कळतं का तुला?"

"मला मोगरा कळतो."

"तुला वाटतं कळतो. हे मोजलेलं आहे."

मी डाळिंबाचं सांगितलं, वडिलांचं सांगितलं, तीस वर्षांच्या कळ्यांचं सांगितलं. ते ऐकत होते, म्हणजे मी थांबायची वाट बघत होते. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर गेले आणि मोगऱ्याला दोन बादल्या पाणी घातलं. मी पुन्हा तोडलं, त्यांनी पुन्हा घातलं. असं संपूर्ण डिसेंबर चाललं. त्या एप्रिलमध्ये मोगऱ्याला चौदा फुलं आली. एका दिवसाची नव्हे, महिन्याची. पानं मात्र तेल लावल्यासारखी चकचकीत, अंक त्र्याण्णव. मी ती चौदा फुलं त्यांच्यासमोर ताटलीत ठेवली.

"अंक चांगला आहे," ते म्हणाले. "फुलांचं काय, पुढच्या वर्षी येतील."

मी त्या दिवशी रडले, हे लपवत नाही. फुलांसाठी थोडं, आणि जास्त या गोष्टीसाठी की तीस वर्षं जे मी हाताने केलं ते या घरात पुरावा म्हणून चालत नाही.

पुढच्या डिसेंबरला मी भांडले नाही. पाण्याच्या टाकीचा नळ ठिबकायचा, त्याखाली अळूची कुंडी होती, कायम पाण्यात. मी मोगऱ्याचा चिमटा काढला आणि टाकीमागे हात घालून अळूच्या देठाला लावला. मोगऱ्यावर सेल संपलेला जुना चिमटा अडकवला. चिमट्याला झाडाचं नाव आपण सांगतो तेच खरं वाटतं. त्यामुळे अळू मजेत डुंबत होता आणि मोबाइलवर मोगऱ्याचा अंक शहाण्णव.

झाड खराट्यासारखं झालं तरी बाबरसाहेबांना दिसलं नाही. गच्चीवर रोज यायचे, पण नजर मोबाइलवर. "मोगरा यंदा खूश आहे," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी "हो का" म्हटलं. खोटं सांगत नाही, मला मजा आली.

एप्रिलमध्ये मोगरा असा फुलला की मीच घाबरले. दिवसाला अडीचशे-तीनशे कळ्या. जिन्यापर्यंत वास. त्यांनी फोटो काढून कंपनीला पाठवले, आणि आठवड्याने पुण्याहून डॉक्टर नाझनीन पटवेकर नावाची मुलगी बघायला आली. वनस्पतिशास्त्र शिकलेली, बोलायला साधी. बाकी चिमटेवाल्यांच्या मोगऱ्यांना राज्यभर फुलं नव्हती, त्यामुळे ती बुचकळ्यात पडली होती. तिने पानं उलटीसुलटी करून पाहिली.

"काकू, सगळी पानं एकाच वयाची दिसतात. जुनं पान एकही नाही. हिवाळ्यात झडली होती का?"

मी तोंड उघडलं तोवर बाबरसाहेबांनी उत्तर दिलं. "छे. वर्षभर शहाण्णव. एक दिवस खाली आला नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, कारण ते कुंडीशेजारी छाती काढून उभे होते आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं म्हणणं वहीत लिहून घेत होतं. मला दया आली, आणि दीड वर्षाचा रागही होता की कळू दे कधीतरी आपोआप. दया आणि राग एकदम आले की माणूस गप्प बसतो.

पावसाळ्यात कंपनीने त्यांना 'निगा-मित्र' केलं. त्यांचा मोगऱ्यासोबतचा फोटो मोबाइलवर कानोसा उघडला की पहिल्या पानावर दिसायचा. ओळखीपाळखीचे फोन करायचे. ते नव्याने इस्त्रीचे शर्ट घालायला लागले.

डिसेंबरच्या वीस तारखेला सांगोल्याहून सिंधूवहिनीचा फोन आला. ही माझ्या भावाची बायको. वीस गुंठे मोगरा करते, गावातल्या एकतीस जणींचा फुलांचा गट आहे, त्याची ती पुढारीण.

"वन्सं, औंदा आमी ताण देत न्हाय बगा," ती म्हणाली. "गटानं ठिबकालाच कानोसा जोडलाय. त्यो म्हंतोय मोगऱ्याचं पाणी तोडू नगा, बारमाही ओल ठेवा."

"कोण म्हणतं?"

"तुमचाच मोगरा म्हंतोय की. दाजींचा फोटू हाय त्यात."

कंपनीच्या यंत्राने काही चूक केली नव्हती. हजारो मोगरे पाण्यात बसून रुसले होते, आणि एकच मोगरा, कागदोपत्री पाण्यातच बसून, तीनशे कळ्या देत होता. यंत्राने प्रामाणिकपणे त्याचाच कित्ता गिरवला होता. तो कित्ता माझा होता, आणि खोटा होता.

मी वहिनीला सगळं सांगितलं. अळू, टाकी, जुना चिमटा. ती हसली.

"वन्सं, गटाच्या म्होरं काय सांगू? आमच्या वन्संनी अळूला चिमटा लावला व्हता? एकतीस बायका हायत. म्या म्हणले म्हणून समद्यांनी जोडलंय. दाजींकडनं कायतरी लिवून घ्या, मग बघते. संक्रांतीच्या आत मात्र. त्या फुडं ताण दिऊन काय उपेग न्हाय, फुलाचा मोसमच जाईल."

म्हणजे माझा शब्द तिथेही चालेना. वीस गुंठे तिचे, बाकी तीस जणींचे वेगळे, आणि मध्ये तीन आठवडे.

कंपनीच्या मदत क्रमांकावर यंत्र बोललं. माझी तक्रार ऐकून म्हणालं की तुमच्या मोगऱ्याची प्रकृती उत्तम आहे, काळजी करू नका. चार दिवस खटपट करून मी नाझनीनला गाठलं.

"काकू, मला पानं बघून शंका आलीच होती. माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण नोंद काकांच्या नावावर आहे. नोंदणी ज्याची, त्यानेच लेखी दिलं तर ती रद्द होते. तुमचं नाव कुठेच नाही."

"मोगरा माझा आहे," मी म्हटलं.

"हो. पण नोंदीत नाही."

आता फिरून फिरून बाबरसाहेबांपाशीच यावं लागलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते आरामखुर्चीत बसून अंक बघत होते, तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले.

"अहो, तो शहाण्णव मोगऱ्याचा नाही. अळूचा आहे."

त्यांनी आधी मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं आणि टाकीमागचा चिमटा दाखवला. पलीकडे मोगरा उभा, यंदाही अर्धी पानं झडलेला. त्यांनी जवळून पाहिला, बहुतेक दोन वर्षांत पहिल्यांदा.

"तू हे केलंस?"

"हो."

"मी बत्तीस वर्षं वीज चोरायला मीटरला चुंबक लावणारी माणसं पकडली," ते हळू म्हणाले. "आणि माझ्या घरात?"

"पकडलं असतं तुम्ही, मान वर केली असती तर. मी दोन वर्षं ओरडून सांगत होते. तुम्हाला ऐकायला यंत्र लागतं, आणि यंत्रात मी दिसत नाही. आता वहिनीचा मोसम जाणार आहे. लिहून द्या की नोंद खोटी आहे."

"माझा फोटो आहे तिथे."

"माहीत आहे."

ते खाली निघून गेले. नंतरचे दहा दिवस आमच्या घरात फक्त भांड्यांचे आवाज. जेवताना पाटावर तिरके बसायचे. मी रोज तारीख सांगायचे, सत्तावीस, एकतीस, तीन. वहिनीचा फोन यायचा, मी काय सांगणार. वाटायचं, एक कागद, चार ओळी, आणि त्यावर या माणसाची सही. मी स्वतःच सही ठोकावी असंही मनात आलं. पण एका खोट्यावर दुसरं खोटं किती ठेवणार.

पाच जानेवारीला सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टेप, पॅड आणि काळं पेन घेऊन गच्चीवर आले. मागून शेजारचे तांबोळी आणि समोरच्या कोष्टीबाई, दोघेही गोंधळलेले.

"हे पंच," बाबरसाहेब म्हणाले. "नोंद चुकीची आहे, आणि चुकीचं रीडिंग तसंच ठेवता येत नाही. पंचनामा करतोय."

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. चार ओळींचं काम, आणि हा माणूस मोगऱ्यापासून अळूपर्यंत टेप लावत होता. चार मीटर दहा सेंटिमीटर. दोन्ही चिमट्यांचे क्रमांक, टाकीच्या नळातून मिनिटाला पडणारे थेंब, मोगऱ्यावर उरलेली पानं एकशे सतरा. तांबोळींना मोजायला लावली. पंचांच्या सह्या घेऊन त्यांना चहा पाजून पाठवलं, मग मला समोर स्टुलावर बसवलं.

"छेडछाड कोणी केली?"

"तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या तोंडून पाहिजे."

"मंदाकिनी दिगंबर बाबर."

त्यांनी लिहिलं. "कारण?"

"लिहा काहीही."

"अंदाजाने लिहिता येत नाही. सांग. जबाब देणाऱ्याला मध्ये थांबवायचं नाही असा नियम आहे, मी थांबवणार नाही."

मग मी सांगितलं. मोगऱ्यापासून सुरू केलं आणि कुठे कुठे गेले ते मला आठवत नाही. सदतीस वर्षांचं होतं. ऊन टाकीवरून भिंतीवर गेलं. मी चिडले, रडले, एकदा त्यांच्या आईवरही घसरले. ते खाली बघून ऐकत होते, आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. नियम होता म्हणून. मला त्याचाही राग आला, की ऐकण्यासाठी या माणसाला नियम लागतो. माझं संपलं तेव्हा त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. एवढं बोलले त्याच्या दोन ओळी. मी वाचायच्याही फंदात पडले नाही. जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि भाजी फोडणीला टाकायला खाली आले.

पंचनाम्याचा फोटो कंपनीला गेला, वहिनीला गेला. कंपनीचं उत्तर तासाभरात आलं. नोंद रद्द केली आहे, निगा-मित्र पद काढून घेतलं आहे, सुधारित सल्ला चालू हंगामानंतर सर्वांना मिळेल. हंगामानंतर. म्हणजे बाकी महाराष्ट्राचे मोगरे यंदा पाण्यातच. नाझनीनने वरच्या लोकांशी भांडून बघते म्हणून कळवलं. मी जिथे जिथे ओळख होती तिथे फोन करत राहिले. काहींनी ऐकलं, बहुतेकांनी मोबाइलवर वेगळं लिहिलंय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी वहिनीचा फोन.

"बंद केलं पाणी, एकतीस जणींचं. दाजींनी शिक्क्यावानी लिवलंय, मग कोण न्हाय म्हणतंय."

"मी सांगितलं तेव्हा नाही केलंस," मी म्हटलं. माझा आवाज चढलाच.

"चुकलंच वन्सं." "पर त्यातलं कारण वाचलासा का तुमी?"

मी वाचलं नव्हतं. पॅड दिवाणखान्यात टेबलावर पडलं होतं. बाबरसाहेब वर होते, मोगऱ्याच्या फांद्या छाटायला कुठून सुरुवात करायची हे विचारायला मला दोनदा हाक मारून झाली होती. मी चष्मा लावला. अक्षर खात्यातलं, टपोरं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही.

'छेडछाडीचे कारण : सदर महिलेने दोन वर्षे मोगऱ्याबाबत व त्यापूर्वी पस्तीस वर्षे इतर बाबींबाबत वेळोवेळी तोंडी तक्रार करूनही निम्नस्वाक्षरीकाराने दखल घेतली नाही.'

खाली त्यांची सही होती.